'जंगल बुक'मधल्या 'का' अजगराला व्हिलन कशासाठी केलं?

रानवाटा: 'डिस्नेचा जंगल बुक बघा, किपलिंगचं मूळ पुस्तक वाचायची गरजच नाही' ही पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. अहो सिनेमातला 'का' म्हणजे मोगलीला गिळायला टपलेला जोकर, पुस्तकात वानरांनी मोगलीला पळवल्यावर बल्लू-बघीरा मदत मागायला त्याच्याकडेच जातात ना! तो नाचायला लागला की वानरं सोडा, हे दोघंही भारल्यासारखे त्याच्याकडे सरकतात, मोगलीच त्यांना भानावर आणतो. मित्र आहे पण भीतीही वाटते, असा प्राणी घालवून काय मिळवलं? वर सिनेमात ओरांगउटान घातला! आपल्या जंगलात??

मनीमाऊ: कार्टून आहे हो ते, अस्वल गाणी म्हणतं ते चालतं का तुम्हाला? लेकाला पुस्तक वाचून दाखवत होते, म्हशी उधळल्या तोपर्यंत खूश होता, मोगली शेरखानचं कातडं सोलायला बसला आणि हा जो रडायला लागला, रात्रभर झोप नाही. सिनेमात शेपटीला जळती फांदी बांधली की वाघ पळाला, संपलं. १९६७ पासून पोरं हसतायत त्यावर, किपलिंगचे ते जंगलचे कायदे कोण ऐकतंय?

भंडारेकर: मोगलीचं जंगल म्हणून सगळे सिवनी, पेंच करून रायले, पुस्तकातली वैनगंगा नदी काऊन दिसत नाही कोणाले? सिवनीतून निघून आमच्याच भंडारा जिल्ह्यात येते ना ती. मामाचं गाव तिच्यावरच्या धरणात गेलं, मोबदल्यासाठी खेटे मारता मारता मामा म्हातारा झाला. त्याच्यावर काढा म्हणा सिनेमा.

कोथरूडी: धरणाचा काय संबंध इथे? कुठलाही विषय असो, गाडी विदर्भावरच्या अन्यायावर!

भंडारेकर: संबंध? किपलिंगची 'रेड डॉग' गोष्ट वाच ना बे. तुमच्या दख्खनवरून आलेल्या रानकुत्र्यांनी आमच्याच वैनगंगेत गटांगळ्या खाल्ल्या.

कोथरूडी: अरेतुरे नको. आणि दख्खन म्हणजे कोथरूड नव्हे, नकाशा बघा.

भंडारेकर: निधी वाटताना कुठं असते तुमचा नकाशा?

रानवाटा: अरे भांडताय काय! त्या गोष्टीतही रानकुत्र्यांना मधमाश्यांच्या कड्यावर न्यायची युक्ती 'का'चीच आहे, मी तेच बोंबलतोय सकाळपासून. आणि मनीमाऊ, गाणी झकास आहेत, कोण नाही म्हणतंय, पण गाणी होती म्हणून काहीही करायचं?

मनीमाऊ: बरं बाई, झाला 'का'वर अन्याय. धरणग्रस्तांच्या यादीत घाला त्याचंही नाव.

भंडारेकर: सातबारा आहे का त्याच्याजवळ?