प्रति: इंदूरजवळ चोरलकडे गाडी चिखलात फसल्यावर झाडाला विंच

दादा, विंचचा (रोप गुंडाळत फसलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा) वायर रोप झाडाभोवती फिरवून हुक त्याच रोपला अडकवायचा, हा वरचा सल्ला कुणी ऐकू नका. साल कापली जाते, रोपच्या तारा तुटतात, आणि पुढे झाड वाळतं ते वेगळंच. किमान 75 मिमी रुंद पट्टा घ्या, बुंध्याला अगदी जमिनीलगत, दोन्ही टोकं डी-शॅकलमध्ये (पिन लावून बंद होणारी डी आकाराची पोलादी कडी). वर बांधलात की झाड उलथायला आयतीच पहार मिळते. इंदूरकडची काळी माती पावसात मुळं धरत नाही. झाड बारीक वाटलं तर दोन झाडांत भार वाटा. पुली झाडाला लावून रोप परत गाडीला आणलात, तर रोपच्या दोन्ही पदरांची ओढ मिळून 9500 पौंडांचा (सुमारे 4.3 टन ओढणारा) विंच झाडावर साडेआठ टनांपर्यंत ताण देतो! पट्टा, शॅकल त्याच हिशेबाने. रोप तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर जड गोणपाट टाका, बुंध्याशी माती भेगाळली की लगेच थांबा.