विषय: अण्णांच्या कुत्र्यासाठी निधी (सगळ्यांनी वाचा!!)

सेक्रेटरी:

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळात अण्णांना कोण ओळखत नाही, गणपतीत अथर्वशीर्षाला पहिला आवाज त्यांचाच असतो. नव्या मेंबरांसाठी सांगतो, त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं गेलं, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. मागच्या महिन्यात काठी घेऊन ग्रोसरीला निघाले तर पार्क केलेल्या ट्रकमधून बाहेर आलेल्या शिडीवर कपाळ आपटलं, तीन टाके पडले. काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीवरचं कोण सांगणार. तर कमिटीत असं ठरलंय की अण्णांना गाइड डॉग, म्हणजे न दिसणाऱ्याला वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा, घेऊन द्यायचा. मी नेटवर बघितलं, एका कुत्र्याला पन्नास हजार डॉलर वगैरे लागतात म्हणे. घाबरू नका, आपण दोनशे घरं आहोत. उद्या ऑनलाइन फंडरेझर चालू करतोय, पुढच्या शनिवारी वडापावचा स्टॉल.

खजिनदार:

सेक्रेटरीसाहेब, लिंक टाकायच्या आधी मला एक फोन केला असतात तर बरं झालं असतं. एका माणसाच्या नावाने गोळा केलेल्या पैशाला टॅक्सची सूट नाही, आणि ऑफिसवाले मॅचिंगही (आपण देऊ त्यात त्यांची भर) देत नाहीत, ते फक्त नोंदणीकृत चॅरिटीला मिळतं. लोक डिसेंबरात माझ्याकडे पावती मागतील तेव्हा मी काय वडापाव दाखवू? काल रात्रीपर्यंत २,३०० डॉलरचे आकडे आलेत तोंडी. हातात काही नाही. माझे १०१ धरा, पण आधी कुठे द्यायचे ते ठरवा.

मॉरिसटाउनची वहिनी:

अहो थांबा थांबा, स्टॉल कॅन्सल करा (वडे करा, ते वेगळं).
ज्याला गाइड डॉग मिळतो त्याने पन्नास हजार द्यायचे नसतात. तो खर्च कुत्र्यांना शिकवणाऱ्या शाळेचा, आणि शाळा देणग्यांवर चालते. आमच्या इथली, न्यू जर्सीतली, द सीइंग आय ही शाळा पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर घेते, पुढच्या प्रत्येकाला ५०, सैन्यातून आलेल्याला १ डॉलर. त्यात कुत्रा, हार्नेस (त्याच्या अंगावरचा दांडीचा पट्टा, तो धरून चालायचं), तिथलं राहणं-जेवण, लांबून येणाऱ्याचं विमानाचं तिकीटसुद्धा. १९३४ पासून तीच फी आहे, एका पैशाने वाढवलेली नाही, आणि हप्त्यानेही देता येते.
मॉरिसटाउनच्या ग्रीनमध्ये, म्हणजे गावातल्या बागेत, चालत्या माणसाचा आणि जर्मन शेफर्डचा पुतळा आहे बघा, ज्याच्यासमोर तुम्ही सगळ्यांनी आइस्क्रीम खाताना फोटो काढलेत, तो मॉरिस फ्रँक आणि त्याची बडी. १९२८ साली हा वीस वर्षांचा नॅशव्हिलचा पोरगा स्वित्झर्लंडला जाऊन बडीला घेऊन आला आणि न्यूयॉर्कला पेपरवाल्यांच्या देखत तिच्या भरवशावर गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडला. पुढच्याच वर्षी शाळा निघाली.
हे सगळं मला माहीत कारण माझ्या लेकीने त्या शाळेचा एक लॅब्रडॉर घरी वाढवला होता. सात-आठ आठवड्यांचं पिल्लू घरी येतं, वर्षभर त्याला बस, दुकान, लिफ्ट, गर्दी सगळं दाखवायचं, डॉक्टरचं बिल शाळा भरते, आणि मग परत द्यायचं. परत दिलं त्या दिवशी पोरगी गाडीत रडली, आणि मी पहिले चार महिने "केस, केस" करून जीव खाणारी बाई, मीपण रडले. त्याचा एक केस अजून माझ्या काळ्या कोटावर आहे, काढलेला नाही.
तर पैसे द्यायचेच असतील तर थेट शाळेला द्या, खजिनदारांची पावतीही येईल आणि मॅचिंगही. पण अण्णांना काय हवंय ते अण्णांना विचारलंत का कुणी?

एडिसनहून एक मेंबर:

अण्णांबद्दल आदर आहेच, गैरसमज नको. पण प्रॅक्टिकल बोलायचं तर कुत्रा गणपतीला हॉलमध्ये येणार का? समोर मूर्ती, बाजूला नैवेद्याचं ताट, खाली पंगत. माझ्या धाकट्याला कुत्र्याची भीती आहे, आमच्या सासूबाई सोवळं पाळतात. दारात बांधून ठेवता येणार नाही का? कुणीतरी बोलायलाच हवं म्हणून बोललो.

मॉरिसटाउनची वहिनी:

दारात बांधायला ती स्कूटर नाही भाऊ. शाळेचा हॉल आपण भाड्याने घेतो, तिथे गाइड डॉगला अडवता येत नाही, अपंगांच्या हक्कांचा कायदाच आहे, १९९० चा. भीती किंवा अ‍ॅलर्जी हे कारण चालत नाही, दोघांना लांब बसवायचं एवढंच. कागदपत्रंही मागता येत नाहीत, फार तर विचारायचं की अपंगत्वासाठी लागतो का आणि काय काम शिकलाय. देवळांना त्या कायद्यातून सूट आहे हे खरं, पण आपण देऊळ नाही, आपण जुलैत हॉलचं डिपॉझिट भरायला विसरणारं मंडळ आहोत.
आणि दत्ताच्या पायाशी चार-चार कुत्री असतात हे आता प्रत्येक जण लिहिणार, म्हणून मीच लिहून टाकते.

अण्णा:

सर्वांना नमस्कार. हे फोनला बोलून लिहितोय, शुद्धलेखनाच्या चुका फोनच्या नावावर.
पन्नास हजाराचा मेल मशीनने मला वाचून दाखवला तेव्हा मी चहा पीत होतो, ठसका लागला. दीडशे डॉलर माझे मी देणार आहे, त्यात कुणी भागीदारी करू नये. अर्ज मी एप्रिलमध्येच केलाय, कमिटीला सांगितलं नाही कारण कमिटीला सांगितलं की स्टॉल लागतो.
कुत्रा म्हणजे जीपीएस नाही. कुठे जायचं ते मला माहीत पाहिजे, किती चौक गेले ते मीच मोजायचे, सिग्नलही त्याला कळत नाही, गाड्यांचा आवाज ऐकून मी ठरवायचं. म्हणून तर आधी काठीने नीट चालता आलं पाहिजे. तो काय करतो, तर शिडी, फांदी, खड्डा, उभी गाडी चुकवून नेतो. आणि मी फॉरवर्ड म्हटलं पण गाडी येत असेल तर तो हलत नाही. हुकूम कधी मोडायचा हेपण त्याला शिकवतात.
मला हवंय ते वेगळं. आमच्या रस्त्याला फुटपाथच नाही, त्यामुळे सकाळी कुणी माझ्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत काठीचा सराव करायला आलं तर बरं. माझा दंड धरून ओढू नका, तुमचं कोपर मला द्या. आणि तो आल्यावर हार्नेस घातलेला असेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, पंगतीत वडा खाली टाकायचा नाही. एडिसनच्या भाऊंच्या सासूबाईंपासून मी लांब बसेन, मला कोपऱ्यातली भिंतीकडची खुर्ची द्या, तो खुर्चीखाली झोपेल. दारात मात्र बांधणार नाही.

एडिसनहून एक मेंबर:

अण्णा, चुकलो. माझं लिहिणं तोडून लिहिल्यासारखं झालं. मंगळवार-गुरुवार सकाळी साडेसहाला मी येतो सरावाला, धाकट्यालाही आणीन.

खजिनदार:

२,३०० पैकी ज्यांना शाळेला द्यायचेत त्यांनी आपापले थेट द्या, मंडळाच्या खात्यात नको. माझे १०१ गेले, पावती आली.

अण्णा:

आज शाळेची बाई घरी येऊन गेली. त्याला जूनो वॉक म्हणतात, खरा कुत्रा नसतो, हार्नेस ती स्वतः हातात धरते, दांडी आपल्या डाव्या हातात, आणि ती जूनो नावाचा कुत्रा होऊन पुढे चालते. आपला वेग किती, ओढ किती झेपते हे बघतात, त्यावरून कुत्रा निवडतात. वाटेत तिने मुद्दाम चुकीचं वळण घेतलं आणि म्हणाली आता मला रागवा. छत्तीस वर्षं नोकरीत शिपायाला कधी चढ्या आवाजात बोललो नाही हो, आणि भर रस्त्यात परक्या बाईला दटावायचं! मी हळूच म्हणालो, नो, जूनो. ती म्हणाली, ऐकू आलं नाही. मग म्हणालो मोठ्याने. समोरच्या घरातला म्हातारा खिडकीत आला असावा, कारण खिडकी वर सरकल्याचा आवाज आला.

सेक्रेटरी:

अण्णा, कोपऱ्यातली खुर्ची बुक. भिंतीकडची, पंख्याखाली. वडापावचा स्टॉल लावू का नको?