ट्रॅक आर्म केला (रेकॉर्डिंगला तयार ठेवला) की गायिकेच्या कानात आवाज डबल येतो. इंटरफेसचा मिक्सर नेमका कसा लावायचा?

पूर्वभाग_४८

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात घरच्याच दहा बाय बाराच्या खोलीत भक्तिगीतं रेकॉर्ड करतोय, गड्ड्याच्या यात्रेआधी सहा गाणी संपवायची आहेत. आठ इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारा डबा), त्याला दोन हेडफोन आउटपुट, विंडोज लॅपटॉप, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. इनपुट १ वर गायिकेचा कंडेन्सर माइक, २ वर पेटी, ३-४ वर ढोलकीची दोन्ही तोंडं, ५ वर टाळ. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

ट्रॅक आर्म केला की गायिकेला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, एक लगेच, एक मागून. बफर (लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल गोळा करतो तो आकडा) ५१२ आहे, रीपरच्या वरच्या कोपऱ्यात १२/१३ मिलिसेकंद असं दिसतं. बफर ६४ केला तर मागचा आवाज जातो, पण मग नळीत तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येतं, वर मधेच तडतड. आणि रीपरमध्ये ट्रॅक म्यूट केला तरी आवाज येतोच, हे काय गौडबंगाल आहे कळेना.

इंटरफेसबरोबर आलेलं मिक्सरचं सॉफ्टवेअर उघडलं तर नुसत्या फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांच्या) रांगा. ढोलकीवाल्यांना क्लिक (मेट्रोनोमची टकटक) मोठा पाहिजे, गायिकेला क्लिक अजिबात नको. तिला कानात थोडा रिव्हर्ब (घुमारा) मात्र पाहिजेच, कोरडं गाता येत नाही म्हणते.

फेडरखाली

दुहेरी आवाज आणि नळीतला आवाज, दोन्हींचं कारण एकच आहे. तिचा आवाज तिच्या कानात दोन वाटांनी पोचतोय.

पहिली वाट माइक, प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग), इंटरफेसच्या आतला मिक्सर आणि तिथूनच हेडफोन. ही लॅपटॉपपर्यंत जातच नाही, त्यामुळे उशीर जाणवत नाही. मिक्सरची खिडकी स्क्रीनवर दिसते म्हणून तो लॅपटॉपमध्ये चालतो असं वाटतं, पण ती खिडकी म्हणजे फक्त रिमोट. आवाजांची बेरीज इंटरफेसमधली चिप करते. म्हणून रीपरमध्ये म्यूट करून काही होत नाही. दुसरी वाट यूएसबीवरून रीपरमध्ये जाऊन परत येते. ५१२ सॅम्पल भागिले ४८,००० म्हणजे जाताना १०.७ आणि येताना १०.७ मिलिसेकंद, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचं थोडं. तुमचे १२ अधिक १३ म्हणजे पंचवीस होतात. एवढं अंतर असलं की कान दोन आवाज वेगळे ऐकतो.

६४ वर दुसरा आवाज जात नाही, जवळ येऊन पहिल्यात मिसळतो. समजा अंतर ५ मिलिसेकंद राहिलं, तर १००, ३००, ५००, ७०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोघं एकमेकांना खातात. तो नळीचा आवाज हाच. गाणाऱ्याला हे जास्तच खटकतं, कारण स्वतःचा आवाज हाडांतूनही थेट कानात येत असतो.

तेव्हा एक वाट बंद करा. तुमच्याकडे मिक्सर असलेला इंटरफेस आहे, तर बंद करायची ती रीपरची. आर्म केलेल्या प्रत्येक ट्रॅकवर रेकॉर्ड मॉनिटरिंगचं, स्पीकरच्या चित्राचं बटण असतं, ते बंद. नवीन ट्रॅक घेतला की ते पुन्हा चालू होऊन येत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ट्रॅक/सेंड डिफॉल्ट्सला जाऊन तिथेच काढून टाका. मग बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवा. थेट वाटेवर बफरचा काडीचा परिणाम होत नाही, तडतडही संपेल.

आता मिक्सर. फेडरच्या रांगा बघून गोंधळ होतो कारण आपण इनपुटपासून सुरुवात करतो. आधी आउटपुट निवडायचा. हेडफोन १ वर क्लिक करा. आता जे फेडर दिसतात ते फक्त हेडफोन १ मध्ये काय किती जातंय एवढंच सांगतात. हेडफोन २ निवडला की तेच फेडर वेगळ्या जागी उभे दिसतील, कारण तो वेगळा मिक्स आहे. आरएमई कंपनीच्या टोटलमिक्स या मिक्सरमध्ये मूळ मांडणीत वर हार्डवेअर इनपुट, मधे सॉफ्टवेअर प्लेबॅक, खाली हार्डवेअर आउटपुट अशा तीन ओळी असतात. बाकीच्यांत मांडणी निराळी, हिशोब तोच. ‘प्लेबॅक १-२’ म्हणजे रीपरमधून परत येणारा आवाज.

दोन्ही हेडफोनमध्ये सगळे फेडर आधी खाली ओढा. गायिकेसाठी प्लेबॅक १-२ उणे १० डीबीच्या आसपास, मग तिचा माइक ती ‘बास’ म्हणेपर्यंत वर, मग पेटी, ढोलकी जेमतेम. सगळेच फेडर शून्य डीबीपर्यंत वर नेले तर बेरीज क्लिप होते आणि इनपुटचे मीटर मात्र हिरवेच दिसतात. मग माइक फाटतोय असं वाटून गेन कमी करत बसतो माणूस.

आणि या मिक्सरचा रेकॉर्डिंगच्या पातळीशी संबंध नाही. ती फक्त गेनच्या बटणावर ठरते. जोरात गाताना शिखर उणे १२ डीबीच्या आत राहील असा गेन ठेवा.

तारांची_गुंतवळ

क्लिकचं उत्तर देतो. रीपरमध्ये मेट्रोनोमच्या बटणावर राइट क्लिक करून सेटिंगमध्ये त्याचा आउटपुट ३-४ करा. आधी ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर आउटपुट ४ पर्यंत चालू आहेत का बघा, नाहीतर यादीत ३-४ दिसणारच नाही. मग ढोलकीवाल्यांच्या मिक्समध्ये प्लेबॅक ३-४ चा फेडर वर, गायिकेच्या मिक्समध्ये तळाला. हेडफोन बंद पाठीचाच द्या ओ, नाहीतर तो क्लिक सरळ गायिकेच्या कंडेन्सरमध्ये उतरतो आणि मग कशानेही निघत नाही.

बफर_कमी_करा

एवढी झंझट कशाला? इंटरफेसचा मिक्सर म्यूट करा, एशियोफॉरऑल (कुठल्याही साउंडकार्डला चालणारा ड्रायव्हर) टाका, बफर ६४, सगळं रीपरमधूनच ऐका. रिव्हर्बपण मिळतो.

फेडरखाली

सगळं रीपरमधून ऐकणं चूक नाही. दणकट मशीन आणि चांगला ड्रायव्हर असला तर चालतं. पण इथे ६४ वर तडतड येतेय हे त्यांनी वरच लिहिलंय. आणि ज्या इंटरफेसला स्वतःचा एशियो (कमी उशिराचा) ड्रायव्हर आहे त्यावर एशियोफॉरऑल टाकू नका. तो विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. मिळणार काही नाही, उलट भर पडते.

रिव्हर्ब असा मिळतो. वेगळा एक ट्रॅक घ्या, नाव द्या ‘कानातला’. इनपुट तोच १, आर्म करा, रेकॉर्ड मोड ‘रेकॉर्ड डिसेबल, फक्त मॉनिटरिंग’, आणि या एकाच ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू. त्यावर रिव्हर्बचा प्लगइन, ड्राय (मूळ आवाज) पूर्ण खाली, फक्त वेट (घुमारा). तिचा कोरडा आवाज थेट वाटेने लगेच येईल, रिव्हर्ब प्लेबॅकमधून २५ मिलिसेकंदांनी. रिव्हर्बला तसाही प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) देतातच, तो इथे फुकट मिळाला. ड्राय थोडा जरी राहिला तरी पुन्हा डबल आवाज. मास्टरवर लिमिटर वगैरे असेल तर रेकॉर्डिंगपुरता काढा, त्याचा लुकअहेड (पुढचा आवाज आधी बघून घेणं) उशीर वाढवतो.

पूर्वभाग_४८

जमलं! डबल गेला, रिव्हर्बवर गायिका खूश. दोन गोष्टी राहिल्या. ढोलकीवाल्यांना टाळ फक्त डाव्या कानात येतो. आणि मागच्या बोळात यंत्रमाग आहेत, त्यांची घरघर गायिकेला कानात येते. टाळाचा फेडर खाली केला की कमी होते, म्हणजे रेकॉर्डिंगमधूनही गेली ना?

तारांची_गुंतवळ

टाळाचं सोपं आहे. मिक्सरमध्ये ५-६ ची स्टीरिओ जोडी बांधलेली असणार, म्हणून ५ डावीकडे गेला. जोडी सोडवा, पॅन मधे. ढोलकीची ३-४ ची जोडीही बघून घ्या.

घरघर रेकॉर्डिंगमधून गेलेली नाही. तुम्ही फक्त ऐकणं बंद केलंय, टाळाच्या माइकमधून ती फाइलमध्ये जातेच आहे. पाच माइक उघडे म्हणजे पाच वेळा माग. टाळ नंतर वेगळा घ्या, तेवढा एक माइक कमी. स्टँडच्या पायांखाली जाड फोम किंवा घडी घातलेली चादर (ती सोलापुरात कुठे शोधायला नको) टाका, मागाचा हादरा फरशीतून चढतो. प्रीअँपला लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) असेल तर आवाजाच्या माइकवर चालू करा, ढोलकीवर नको.

फेडरखाली

एक राहिलं. थेट वाटेने ऐकून गाताय, तेव्हा टेक (रेकॉर्ड झालेला भाग) वेळेच्या बरोबर जागेवर पडतोय का तपासा. लाइन आउट ३ मधून लाइन इन ८ मध्ये टीआरएस केबल लावा, त्या इनपुटचा मॉनिटर फेडर सगळ्या मिक्समध्ये तळाला, नाहीतर शिट्टी वाजेल. मेट्रोनोम नको, तीक्ष्ण क्लिकची एक ऑडिओ फाइल ट्रॅकवर ठेवून आउटपुट ३ ला वाजवा, ८ वर रेकॉर्ड करा आणि झूम करून दोन टोकांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. फरक आला तर प्रेफरन्सेसमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर मॅन्युअल ऑफसेटमध्ये तो आकडा घाला आणि पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं करा.

दोन्ही मिक्स जमले की मिक्सरच्या सॉफ्टवेअरमधून फाइल सेव्ह करून ठेवा. लाइट गेली आणि आली की काही इंटरफेस मूळ सेटिंगवर येतात.