बँकेतली ग्राहकसेवेची नोकरी : इंदूरच्या मराठी मुलांनी अर्जात राज्य कोणतं भरावं?

रामबागकर

स्टेट बँकेची ज्युनिअर असोसिएट, म्हणजे काउंटरवरच्या ग्राहकसेवेच्या जागांची, जाहिरात आली की इंदुरात एकच सल्ला फिरतो : "घरी मराठी बोलता ना, मग महाराष्ट्र भरा." मला हा सल्ला घातक वाटतो. दहावी-बारावीला मराठी विषय नसेल तर मध्य प्रदेशच भरावं.

एका उमेदवाराला एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो. त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आली पाहिजे, अशी अट आहे. ती भाषा दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर असेल तर भाषेची चाचणी माफ होते. नसेल तर मुख्य परीक्षेनंतर, रुजू होण्याआधी ती द्यावी लागते, आणि तिच्यात नापास झालेल्याला नेमणूक मिळत नाही. मुख्य परीक्षेत २०० पैकी कितीही गुण असोत, वर्षभराची मेहनत तिथे संपते. आपल्या बहुतेक मुलांच्या गुणपत्रिकेवर हिंदी असतेच, म्हणजे मध्य प्रदेशात हा धोका मुळातच नाही.

घरची मराठी कामाला येईल असं मानू नका. आपली मुलं बोलतात मराठी, पण लिहितात हिंदीच्या वळणाने. 'की' ऐवजी 'कि', 'व्याज' ऐवजी 'ब्याज', 'रक्कम' ऐवजी 'राशि'. 'हस्ताक्षर' म्हणजे हिंदीत सही आणि मराठीत अक्षराचं वळण. 'कृपया येथे हस्ताक्षर करा' हे वाक्य इंदुरात कुणाला खटकणार नाही, पण मराठी तपासणारा तिथेच थांबेल.

आणखी एक. या पदाला आंतरराज्य बदली नाही, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. आईवडील इंदुरात आणि नोकरी कायमची महाराष्ट्रात, हा हिशेब आधी घरात बसून करा.

शिरपूर नाका

रामबागकर, नियम तुम्ही बरोबर सांगितलेत, निष्कर्ष मात्र पटत नाही.

आधी जागांचं बघा. डिसेंबर २०२४ च्या जाहिरातीत १३,७३५ जागा होत्या, त्यात मध्य प्रदेशाला १,३१७ आणि महाराष्ट्राला १,१६३. ऑगस्ट २०२५ ला एकूण ५,१८०, त्यात महाराष्ट्राला ४७६ आणि मध्य प्रदेशाला फक्त १००. शंभर जागा आरक्षणाच्या गटांत वाटल्या की एकेका गटाला किती उरतात? अशा वर्षी 'मध्य प्रदेशच' म्हणणं म्हणजे मुलाला दार बंद करून देणं आहे. राज्य दर जाहिरातीला नव्याने ठरवावं लागतं, एकदाच ठरवून चालत नाही.

दुसरं, घर. मध्य प्रदेश भरलं म्हणजे इंदूर मिळालं असं नाही, राज्यात कुठेही पाठवतात. सिंगरौली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. उलट आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा ओलांडलं की शिरपूर, मग धुळे. सणाला इंदूरला घरी यायला सिंगरौलीपेक्षा धुळ्याहून सोपं आहे.

आणि लिहायची मराठी तीन महिन्यांत सुधारते. ज्याच्या कानात भाषा आहे त्याला व्याकरण नव्याने शिकायचं नसतं, फक्त हिंदीची सवय मोडायची असते. रोज एक पान शुद्धलेखन, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. जोर चार जागी द्या : 'ळ', शेवटची वेलांटी (पाणी, माहिती, आई दीर्घ, पण आणि ऱ्हस्व), 'खाता में' ऐवजी 'खात्यात', 'शाखा में' ऐवजी 'शाखेत' अशी बदलणारी रूपं, आणि मोठ्याने वाचताना 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळे म्हणणं. जोडीला बँकेचे शब्द : मुदत ठेव, भरणा पावती, धनादेश, वारसनोंद, पीककर्ज.

मांडवी

बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे प्रश्न तोच आहे, उत्तर वेगळं येतं, म्हणून इंदूरचा नियम सगळ्यांना लावू नका. गुजरात भरायचं तर गुजराती हवी. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली, त्यामुळे इथल्या पालकांना वाटतं की मूल सुटलं. पण बँक विचारते दहावी किंवा बारावीची गुणपत्रिका. नववीत गुजराती सोडून दुसरा विषय घेतला असेल तर चाचणी द्यावीच लागणार. नववीच्या विषयनिवडीतच हे ठरून जातं आणि घरात ते कुणाच्या लक्षात नसतं. इंदुरातही नववीतच मराठी घेऊन ठेवता येईल. मध्य प्रदेश मंडळात आणि सीबीएसईतही मराठी विषय घेता येतो. आत्ता आठवीत असलेल्या मुलांच्या पालकांनी हे वाचावं.

ग्रामीण बँकांकडेही बघा. १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' झालं. मध्य प्रदेश ग्रामीण बँकेचं मुख्यालय तुमच्याच इंदुरात आहे, गुजरात ग्रामीण बँकेचं आमच्या बडोद्यात. तिथल्या ऑफिस असिस्टंटचं कामही बरंचसं काउंटरचंच असतं.

रामबागकर

शिरपूर नाका, २०२५ चे आकडे मान्य. पण जागा कमी-जास्त झाल्या तरी चाचणीचा धोका कमी होत नाही. शुद्धलेखन तीन महिन्यांत सुधारेल, कबूल, पण ते तीन महिने येतात कुठून? पूर्वपरीक्षेत इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमापन, प्रत्येकाला २० मिनिटं, एकूण १०० प्रश्न. मुख्य परीक्षेत १९० प्रश्न आणि दोन तास चाळीस मिनिटं. अंतिम यादी मुख्य परीक्षेच्याच गुणांवर लागते, मुलाखत नाही. वेळ तिथे घालायचा की वेलांट्यांवर?

आणि मराठी मध्य प्रदेशात वाया जाते हा समजही चुकीचा. बुऱ्हाणपूर, पांढुर्णा, सौसर इथल्या काउंटरवर मराठी बोलणारा माणूस लागतो. महाराष्ट्रातल्या खेड्यातला शेतकरी मात्र सातबारा घेऊन येतो, फेरफार म्हणतो, आणेवारी म्हणतो. इंदुरात वाढलेल्या मुलाला खसरा-खतौनी, म्हणजे इकडची जमिनीची नोंद, माहीत असते. समोरच्याचं काम त्याच्या शब्दांत कळलं नाही तर ग्राहकसेवा कसली?

निमाडी

राज्यावरून तुम्ही दोघं भांडताय, पण कितीतरी अर्ज त्याच्या आधीच अडकतात. म्हणून हे लिहिते.

नाव : आपल्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची पद्धत. इथल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आधारवर घरच्यांनी तिन्ही लिहिलेली असतात. लग्न झालेल्या मुलींचं तर दोन्हीकडचं आडनाव निराळं. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांतलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आधार आधी दुरुस्त करा, अर्ज नंतर.

फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी, हाताने लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी. घोषणापत्र इंग्रजीत, स्वतःच्याच अक्षरात. सही आणि घोषणापत्र कॅपिटल अक्षरांत केलं तर चालत नाही. ठशाला शाई जास्त झाली की रेषा बुजतात आणि नुसता डाग दिसतो. बोट पॅडवर हलकं टेकवा, आधी रद्दी कागदावर एकदा उमटवा, मग पांढऱ्या कागदावर.

ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रीमीलेअरच्या उल्लेखासह हवा, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. केंद्राच्या यादीत जातीचं नाव जसं छापलंय तसंच दाखल्यावर असलं पाहिजे. आर्थिक दुर्बल गटाच्या दाखल्यात कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत एवढंच बघत नाहीत, ५ एकर शेती आणि १,००० चौरस फुटांचा फ्लॅट याही मर्यादा आहेत. गावाकडची शेती आजोबांच्या नावावर आहे की वडिलांच्या, हे आधी पाहा.

शेवटच्या वर्षाला असाल तर पदवी पास झाल्याची तारीख म्हणून गुणपत्रिकेवरची किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरतात, निकाल ऑनलाइन दिसला ती नाही. आणि मोबाइलचे हप्ते थकवू नका. कर्ज बुडवल्याची नोंद असलेल्याला ही नोकरी मिळत नाही.

शिरपूर नाका

निमाडीताई, फार उपयोगी लिहिलंत. त्यात एकच जोडतो. महाराष्ट्र भरलं तरी प्रश्नपत्रिकेचं माध्यम मराठी घेण्याचा मोह टाळा. इंदूरच्या शाळेत मूल शिकलंय लाभ-हानि आणि लघुत्तम समापवर्त्य, आणि समोर येणार नफा-तोटा आणि लसावि. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथे शब्द उलगडत बसायला वेळ नसतो. ज्या भाषेत गणित शिकलात तेच माध्यम ठेवा.

रामबागकर, वेळ कुठून येतो विचारलंत. पूर्वपरीक्षा झाल्यापासून मुख्य परीक्षेच्या निकालापर्यंत रोज अर्धा तास. अभ्यासाचा घास न घेता होतं.

रामबागकर

मग आधी मोजमाप करू, वाद नंतर. अर्ज भरायच्या आठवड्यात मुलाने १५ मिनिटांत, कुणाला न विचारता, दोन पत्रं हाताने लिहावीत : शाखाधिकाऱ्यांना खात्यातला पत्ता बदलण्याबद्दल, आणि मुदत ठेव मोडून रक्कम बचत खात्यात जमा करण्याबद्दल. घरात मराठी शाळेत शिकलेली आजी किंवा काकू असेल तर लाल पेन तिच्या हातात द्या. दोन्ही मिळून दहाच्या आत चुका निघाल्या तर महाराष्ट्र भरायला माझी हरकत नाही. वीस निघाल्या तर मात्र मध्य प्रदेश, जागा शंभर असल्या तरी.

शिरपूर नाका

पत्रं लिहून घ्या, पण वीस चुकांवर राज्य सोडायला मी तयार नाही. त्या वीसमधल्या किती 'कि' आणि 'में'च्या आहेत ते आधी मोजा. एकच चूक दहा वेळा झाली असेल तर ती एक चूक आहे, आणि ती आठवड्यात जाते. वाक्यच हिंदीत जुळून येत असेल, 'मला पैसे चाहिजेत' असं, तर तुमचं म्हणणं खरं.