डायपॉजला मराठीत काय म्हणायचं, शीतनिद्रा चालेल?

कुळागरकार: फोंड्याकडे आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, गावातल्या बागायतदारांसाठी भुंगेऱ्यांवर एक मराठी पत्रक लिहायला घेतलंय आणि डायपॉज, म्हणजे ऋतू बदलायच्या आधीच कीटक वाढ किंवा अंडी घालणं थांबवतो ते, या एका शब्दावर चार दिवस अडकलोय. कुठे सुप्तावस्था वाचतो, कुठे शीतनिद्रा. आता शीतनिद्रा लिहिलं तर इथला माणूस विचारणारच की आमच्याकडे शीत कुठाय, डिसेंबरात पण दुपारी घाम येतो.

डिचोलीची बाय: दादा, शीतनिद्रा नकोच. एक तर शीत नाही आणि दुसरं म्हणजे ती निद्रापण नाही. थंडी पडली, अळीची वाढ मंदावली, ऊब आली की परत सुरू, हा नुसता तापमानाचा खेळ, कीटकाचं रक्त गरम नसतं त्यामुळे हवा जशी तशी त्याची चाल. त्याला मी थबकणं म्हणेन. डायपॉजमध्ये मात्र थांबायचं हे थंडी यायच्या आधीच ठरलेलं असतं. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा घ्या, अमेरिका-युरोपातला, आपल्याकडे नाही. उन्हाळा सरताना दिवस लहान व्हायला लागले की कोषातून नवा निघालेला भुंगेरा अंडी घालत नाही, खाऊन चरबी साठवतो, उडायचे स्नायू झिजतात, मग जमिनीत शिरतो. शरीरातलं जुवेनाइल हार्मोन (वाढ आणि अंडी घालणं सांभाळणारं संप्रेरक) उतरलेलं असतं म्हणून हे सगळं होतं. बाहेर अजून ऊन असतं आणि पाला पण हिरवा असतो!

कुळागरकार: म्हणजे आपलं पुरुमेंतच की हे, पाऊस लागायच्या आधी मे महिन्यात सुकी मासळी, मीठ, कोकम भरून ठेवतो तसं.

डिचोलीची बाय: अगदी तसंच, पण पुरुमेंत ही झाली तयारी, थांबण्याला वेगळा शब्द हवा.

पेडण्याचा मास्तर: मला चातुर्मास आठवतो. आषाढी एकादशीला तो लागतो तो तिथी आली म्हणून, त्या वर्षी पाऊस उशिरा आला तरी लागतोच. भुंगेऱ्याची तिथी म्हणजे दिवसाची लांबी, कारण हवा फसवते, ऑक्टोबरात मध्येच गरम आठवडा येऊ शकतो पण दिवस कधी चुकत नाही. म्हणून माझं मत विराम. डायपॉज या शब्दातही तेच आहे, पॉज म्हणजे विरामच, फक्त व्हीलर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने 1893 मध्ये तो अंड्यातल्या गर्भाच्या एका टप्प्यासाठी वापरला होता, वाढ थांबण्याला तो नंतर लागू झाला.

कुळागरकार: मास्तर, विराम आवडला, पण शेतकरी दडी मारली म्हणतो ना? पावसाने दडी मारली तसं.

पेडण्याचा मास्तर: दडी म्हणजे लपणं. अळी शेणखताच्या खड्ड्यात असते तेव्हा ती नजरेआड असते पण तिथे ती खात असते, वाढत असते, माडावरच्या गेंड्या भुंग्याची अळी महिनोनमहिने तिथेच पोसते. तो विराम नव्हे.

डिचोलीची बाय: हो हा फरक पत्रकात नक्की घाला, नाहीतर लोक समजतील की खड्ड्यातली अळी झोपलीय, आणि खड्डा उपसायचं राहून जाईल. अजून एक, तापमान अगदीच बाजूला टाकू नका. दिवस लहान असला तरी हवा बरीच गरम असेल तर कोलोरॅडो भुंगेऱ्यात विरामाकडे कल कमी होतो, म्हणजे दिवस आणि ऊब दोघं मिळून ठरवतात. आपल्याकडे पणजीत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यात दोन तासांचाही फरक नाही, त्यामुळे युरोपातले आकडे इथे जसेच्या तसे उचलू नका.

कुळागरकार: बरं, असं लिहितो: थंडीमुळे वाढ *थबकते*, ऋतूची चाहूल घेऊन भुंगेरा *विरामात* जातो, आणि *दडी* फक्त लपण्यासाठी.