वेस्ट्रीतली बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं भिजली आहेत, काय करू?

शब्बाथशाळेच्या बाई (नगर जिल्हा) – २८ सप्टेंबर २०२५, रात्री

जय ख्रिस्त सर्वांना.

आज सकाळी उपासनेआधी वेस्ट्रीचं, म्हणजे देवळातल्या कागदपत्रांच्या खोलीचं, दार उघडलं तर आत घोटाभर पाणी. परवापासूनच्या पावसाने पन्हळ तुंबली आणि सगळं पाणी भिंतीवरून आत उतरलं. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आमच्या मंडळीची पाच रजिस्टरं होती: दोन बाप्तिस्म्याची, एक दृढीकरणाचं, एक लग्नांचं, एक दफनाचं. पाचही भिजली. सगळ्यात जुनं १८९८ साली सुरू झालेलं आहे, ते उचललं तर ओल्या भाकरीसारखं हातात लवलं.

आमची मंडळी मूळची एसपीजी या इंग्लंडच्या मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आम्ही आणि अमेरिकन मिशनवाले एकाच डायोसिसात, म्हणजे एकाच बिशपांच्या विभागात, आलो, पण जुनी वळणं राहिलीच. आमच्याकडे अजूनही प्रभुभोजन गुडघे टेकून घेतात, आणि रजिस्टर लिहिण्याची शिस्तही तिथलीच. छापील रकाने इंग्रजीत आणि आतला मजकूर मराठीत. सुरुवातीची काही पानं तर मोडीत आहेत.

१९०० सालची पानं मी तरुण संघाच्या मुलांना नेहमी दाखवते. मोठ्या दुष्काळाचं साल. एकेका दिवशी वीस-वीस बाप्तिस्मे आहेत. धंद्याच्या रकान्यात खाली खाली वाचत जा: वेसकर, वेसकर, मजूर, खडी फोडणे, खडी फोडणे, वेसकर. रजिस्टर लिहिणाऱ्या मास्तरांनी एकदाही 'वरीलप्रमाणे' लिहून सुटका करून घेतलेली नाही, प्रत्येकाच्या ओळीत पुन्हा पूर्ण लिहिलं आहे. त्यात माझे पणजोबा आहेत, वय अंदाजे सहा. आईबापाच्या रकान्यात फक्त एक रेघ.

रजिस्टरांची गरज नुसती आठवणीपुरती नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात ओबीसीचा दाखला मिळतो, पण १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा लागतो. आमच्याकडच्या कित्येक आज्या-आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मग शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? या जूनमध्येच एक मुलगा आला होता. आजोबांची १९५१ ची बाप्तिस्म्याची नोंद निघाली आणि त्याच्या अर्जाला एक कागद तरी जोडता आला.

कमिटीतले एक जण म्हणाले, गच्चीवर उन्हात टाका. दुसरे म्हणाले, एवीतेवी वाचता येत नाही कुणाला, आता नवीन कॉम्प्युटरवर करू. मला फार लागलं ते. पाचही रजिस्टरं धोतरात गुंडाळून घरी आणली आहेत आणि खाटेवर ठेवली आहेत. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, खालचा कप्पा मीच रिकामा करायला हवा होता.

दोन गोष्टी सांगा. वाळवायची कशी? आणि यांच्या नकला आणखी कुठे असतील का?

बांधणीवाला, पुणे – २८ सप्टेंबर, रात्री उशिरा

बाई, मी चाळीस वर्षं ग्रंथालयांची पुस्तकं बांधली आहेत. आधी एक करा: ऊन नको, इस्त्री नको, शेगडी नको. उन्हात कागद आकसतो, पुठ्ठा वाकतो आणि पानं एकमेकांना कायमची चिकटतात.

ओल्या कागदावर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, आणि पाच रजिस्टरं एका वेळी एकट्या माणसाकडून वाळत नाहीत. म्हणून सगळ्यात जास्त भिजलेली तीन उद्या सकाळीच गोठवा. हे ऐकून दचकू नका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि शाई पुढे पसरत नाही. प्रत्येक रजिस्टर बटर पेपरमध्ये गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि डीप फ्रीझरमध्ये आडवं ठेवा, वर ओझं नको. नंतर सवडीने एकेक काढून वाळवता येतं, महिन्यानेही.

उरलेली दोन घरात पंख्याखाली. वारा थेट पुस्तकावर नको, खोलीत खेळता हवा. दर दहा-बारा पानांनंतर टीपकागद घाला आणि तीन-चार तासांनी बदला. फार कागद कोंबू नका, पाठ फाटेल. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. चिकटलेली पानं ओढू नका. कागद नुसता दमट राहिला की पुस्तक उभं करून पानं थोडी पंख्यासारखी उघडी ठेवा.

शाई कोणती आहे ते सांगा. जुनी निळी-काळी शाई बहुतेक टिकते, ती कागदात मुरलेली असते. जांभळी असेल तर ते रजिस्टर पहिलं गोठवा.

आणि हात जोडून सांगतो, नंतर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. लोक प्रेमाने करतात आणि वीस वर्षांत कागद जातो.

शब्बाथशाळेच्या बाई – २९ सप्टेंबर

दादा, देव तुमचं भलं करो. गावच्या दूध डेअरीवाल्याने आइस्क्रीमचा एक फ्रीझर रिकामा करून दिला. तो आपल्यातला नाही, पण 'आमच्या आज्याची शाळा तुमच्या मिशनचीच होती' म्हणाला. लग्नांच्या रजिस्टरात १९४० नंतरची पानं जांभळ्या शाईपेन्सिलीने लिहिलेली आहेत. तुम्ही सांगितल्याबरोबर ते पहिलं आत ठेवलं, तरी काही पानांवर जांभळं ढगासारखं पसरलंच होतं. १८९८ चं निळ्या-काळ्या शाईतलं आहे. ते घरीच वाळवते आहे.

शरणपूर रोड – ३० सप्टेंबर

बाई, मी नाशिकचा, सेंट अँड्र्यूज मंडळीचा. नकलांबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगतो.

नाशिकचा डायोसिस १९२९ साली वेगळा झाला. त्याआधी आपण सगळे मुंबईच्या बिशपांकडे होतो. तेव्हा पाद्री आपापल्या नोंदींच्या नकला वरच्या कार्यालयाकडे पाठवत आणि तिथून त्या लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पण फार आशा धरू नका. त्या नोंदी मुख्यतः गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या आहेत, खेड्यातल्या मंडळ्या त्यात थोड्याच. म्हणजे तुमच्या हातातली प्रत हीच बहुधा एकमेव आहे.

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो, तुमच्या मुलांना सांगा. शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेलं. अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुलं ब्रिटिश आरमाराने सोडवली, त्यातली कितीतरी इथे वाढली, लोहारकी-सुतारकी शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातला. १८७३ साली आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा दफनविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर अक्षरं कोरणारा हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. त्याने आणि सोबत्यांनी तो देह समुद्रापर्यंत चालत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर तो उभा होता. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं, तिथेही नाशिकचीच माणसं गेली.

जेकबचं नाव राहिलं कारण तो एका प्रसिद्ध माणसाबरोबर होता. बाकीच्या मुलांची नावं फक्त अशाच रकान्यांत सापडतात. म्हणून ही रजिस्टरं जपा, अशी तुमच्या कमिटीला माझ्याकडून विनंती करा.

नर्स, बर्मिंगहॅम – ४ ऑक्टोबर

बाई, मी नगरचीच. सव्वीस वर्षं इथे हॉस्पिटलात आहे. सुट्टीच्या दिवशी जुन्या कागदांत बसायची आवड आहे म्हणून लिहिते.

शरणपूरच्या दादांनी सांगितलेल्या सोसायटीचे कागद इथे बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी ग्रंथालयात आहेत. तुमची मंडळी एसपीजीची, तर तुमचे कागद ऑक्सफर्डला बॉडलियनमध्ये. तिथे बाप्तिस्म्याचं रजिस्टर मिळणार नाही, पण मिशनऱ्यांनी पाठवलेली पत्रं आणि अहवाल आहेत. तुमच्या गावचं नाव आणि १९०० साल घेऊन मी नाताळच्या सुट्टीत तिथे जाईन. गावाचं त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग रजिस्टरच्या पहिल्या पानावर असेल, त्याचा फोटो पाठवा.

इथे १९७८ च्या कायद्याने प्रत्येक डायोसिसचं एक अभिलेखागार ठरलेलं असतं आणि भरलेली जुनी रजिस्टरं तिथे जमा करावी लागतात. आपल्याकडेही डायोसिसने एक कोरडी खोली आणि एक जबाबदार माणूस द्यायला काय हरकत आहे? सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या वरच्या मंडळाच्या, परवानगीची वाट न पाहता बिशप साहेबांना अर्ज करा, मंडळ्यांच्या सह्या घेऊन.

काल इथे जाहीर झालं, नवीन आर्चबिशप ऑफ कँटरबरी, म्हणजे अँग्लिकन चर्चचे प्रमुख धर्मगुरू, म्हणून सारा मुल्लाली यांची निवड झाली. पहिल्याच स्त्री, आणि पूर्वाश्रमीच्या नर्स. वॉर्डात बातमी आली तेव्हा मला माझी आई आठवली, मिशन हॉस्पिटलात तिने सदतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. तुमच्या महिला मंडळात कितीजणी नर्स असतील! त्यांना सांगा.

शब्बाथशाळेच्या बाई – २ नोव्हेंबर

उशीर झाला, माफ करा. मध्ये सुगीचा सण होता.

यंदा सुगी कसली, तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. कपाशी पाण्यात उभी राहून काळी पडली, बाजरीच्या कणसांना शेतातच मोड आले. पाळक म्हणाले, कुणावर ओझं नको, हातात काही नसेल तर नुसते या. पण वेदीपुढे टोपल्या लागल्याच. मोड आलेली कणसं एका माणसाने तशीच आणून ठेवली आणि मागे जाऊन बसला. लिलावात एक भोपळा चौदा वेळा विकला गेला. जो घेई तो पैसे देऊन परत टेबलावर ठेवी. शेवटी डेअरीवाल्याने घेतला आणि घरी नेला. त्या पैशांतून सागवानी कपाट करायला टाकलं आहे, जमिनीपासून दोन फूट उंच पायांचं. गच्चीवर टाका म्हणणाऱ्या गृहस्थांनीच सुतारासाठी माप घेतलं.

आता रजिस्टरं. १८९८ चं वाचलं. कडा तपकिरी झाल्या, पण अक्षर अन् अक्षर शाबूत आहे. दोन वाळवून ठेवली, दोन अजून फ्रीझरात आहेत, एकेक काढते. नर्सताई, पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. तुमचा निरोप महिला मंडळात वाचून दाखवला तेव्हा सातजणी उभ्या राहिल्या, सगळ्या नर्स, दोघी निवृत्त.

लग्नांच्या रजिस्टरातली अकरा पानं मात्र गेली. जांभळा डाग आणि मध्येमध्ये एखादं अक्षर, बस्स. ती पानं थोडी सुकल्यावर खिडकीत धरून फोटो काढले आणि मोठे छापून उपासनेनंतर अंगणात मांडले. आमच्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना दिसत नाही फारसं. मी नुसतं वाचत गेले: 'साल ४६, वर, नावातलं शेवटचं अक्षर स, गाव नाही, साक्षीदार पुसलेला.' आजी म्हणाल्या, "येशूदास. वांबोरीहून नवरीकडचं वऱ्हाड आलं होतं, बैलगाडीचं चाक ओढ्यात मोडलं म्हणून लग्न संध्याकाळी लागलं. साक्षीदार मास्तरच, दुसरं कोण!" बाजूच्या दोघी म्हाताऱ्या 'हो हो, बरोबर' करत पुढे सरकल्या. त्या येशूदासांचा नातू तिथेच उभा होता, त्याला आपल्या आजीचं माहेर पहिल्यांदा कळलं.

त्यांनी सांगितलेलं वेगळ्या वहीत लिहितो आहोत, मूळ रजिस्टराला कुणाला हात लावू देत नाही. कोण बोललं, कोणत्या तारखेला, आणि ऐकीव आहे हे प्रत्येक ओळीपुढे नोंदवतो. अकरापैकी चार पानं झाली. आजींना दमा आहे, थंडी वाढायच्या आत उरलेली सात करायची आहेत. पुढच्या रविवारी उपासना संपली की लगेच बसणार आहोत. वांबोरी, देवळाली, टाकळीकडचं कुणाचं जुनं माणूस असेल तर घेऊन या, चहा मंडळीचा.