डावीकडे राहायचं की मधोमध? मदत हवी आहे

चंद्रकोर:
पक्क्या परवान्याची चाचणी तोंडावर आली आहे आणि गाडी काही केल्या सरळ राहत नाही. सारखी डावीकडे सरकते. सर एकदा म्हणतात "डावीकडे राहा", लगेच म्हणतात "मधोमध ठेवा". दोन्ही एकदम कसं करायचं? कृपया "सरावाने जमेल" सांगू नका, ते ऐकून कंटाळले आहे.

गिअरबॉक्स:
अलाइनमेंट करून घ्या. टायरमधली हवा पण तपासा. माझी गाडी अशीच ओढायची, अलाइनमेंट केल्यावर थांबली.

नीलांबरी:
सर चालवतात तेव्हाही सरकते का? रस्ता कसा आहे, पट्टे आखलेला का? मध्ये दुभाजक आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चंद्रकोर:
सर चालवतात तेव्हा सरळ जाते. दुभाजक आहे, आपल्या बाजूला दोन लेन, पट्टे स्पष्ट दिसतात.

जुना सारथी:
सरळ ऑटोमॅटिक घ्या. क्लच-गिअरची कटकट गेली की लक्ष रस्त्यावर राहतं.

नीलांबरी:
गिअरचा काय संबंध इथे? ताई, चालवताना नजर कुठे असते तुमची?

चंद्रकोर:
बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर. पट्टा तिथेच दिसतो ना!

नीलांबरी:
मग तिथेच गोम आहे. नजर जिथे खिळते तिकडे हात नकळत स्टिअरिंग नेतात. शिवाय आपण उजव्या सीटवर बसतो, त्यामुळे गाडी लेनच्या मधोमध असली तरी आपण स्वतः उजव्या पट्ट्याजवळ असतो. शिकणाऱ्याला वाटतं आपण पट्ट्यावर चाललोय, आणि तो गाडी डावीकडे घेतो. लेन साधारण साडेतीन मीटरची, गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे पाऊण मीटरहून जास्त जागा असते. घाबरायचं कारण नाही.

सरांचं दोन्ही बरोबर आहे. "डावीकडे राहा" म्हणजे डावी लेन धरा. "मधोमध" म्हणजे त्या लेनच्या मधोमध.

आता एक करा. सरांना गाडी लेनमध्ये बरोबर मध्ये उभी करायला सांगा, तुमच्या सीटवर बसा आणि डावा पट्टा समोरच्या काचेच्या खालच्या काठाला कुठे टेकतो ते बघून ठेवा. सीट वरखाली केली की ही खूण बदलते.

गिअरबॉक्स:
डाव्या लेनमध्ये सायकली, उभ्या गाड्या, कोणीही धाडकन दार उघडतं. नवशिक्याने उजवी लेनच धरावी.

नीलांबरी:
अजिबात नको. उजवी लेन ओव्हरटेक करायला आणि उजवीकडे वळायला. तिथे हळू चालवलंत की मागचे डावीकडून घुसतात, शिकणाऱ्याला तेच जास्त धोक्याचं. उभी गाडी लांबूनच दिसते. आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर, मग बाजूला व्हा. उघडणाऱ्या दारासाठी मीटरभर अंतर सोडा. आणि दोन उभ्या गाड्यांमधल्या फटीत आत-बाहेर करू नका, मागच्याला तुमचा अंदाज येत नाही.

पाऊलवाट:
रिव्हर्स पार्किंग करताना डावा आरसा थोडा खाली करा, मागचं चाक आणि रेघ दोन्ही दिसतात. चाचणीत उपयोग होतो.

चंद्रकोर:
पाऊलवाट, पार्किंग जमतं मला. नीलांबरी, खूण सापडली, डाव्या वायपरच्या जवळ येते. पण चालताना ती बघायला गेले की नजर पुन्हा जवळ येते. आणि चौकात उजवीकडे वळताना कुठे थांबायचं?

नीलांबरी:
खूण उभ्या गाडीत डोक्यात बसवायची. चालताना लांब, तुमची लेन जिथे निमुळती होते तिथे बघा. पट्टा डोळ्यांच्या कडेला आपोआप दिसतो.

उजवीकडे वळायचं असेल तर चौकाच्या बरंच आधी उजव्या लेनमध्ये या. समोरची वाहनं जाईपर्यंत थांबावं लागलं तर चाकं सरळ ठेवा. आधीच वळवून ठेवली आणि मागून कोणी धडकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते.